जिराफने सुचवलेली पुस्तके

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास वाचनालयाच्या मुलांच्या विभागात एक उंच मुलगी आली आणि तिने काउंटरवर सांगितले की जिराफ सापडली.

ग्रंथपालबाई परत आलेली पुस्तके वेगळी करत होत्या. "कोण सापडली?"

"जिराफ! त्या कार्डांवरची. आमच्याच शाळेत आहे, आठवीत. मी सातवीत."

बाईंच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला.

दारासमोर एक मांडणी होती. वर पाटी : 'मुलांनी मुलांसाठी सुचवलेली पुस्तके, वय दहा ते पंधरा'. प्रत्येक पुस्तकाखाली हाताने लिहिलेले एक कार्ड. कल्पना कार्यकारिणीची होती. मुलांना ती मानवली नव्हती. त्यांनी लिहून दिले ते असे : 'छान आहे.' 'खूप छान आहे.' एकाने 'जाड आहे' एवढेच लिहून सही ठोकली होती. महिनाभर मांडणीवरचे एकही पुस्तक हलले नाही. शेवटी बाईंनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, स्वतःच एक कार्ड लिहिले आणि खाली सही केली : 'जिराफ, इयत्ता आठवी'. ते पुस्तक त्याच आठवड्यात गेले. मग दुसरे, मग तिसरे. देवघेवीच्या खिडकीवरचे काका म्हणायचे, "बाई, तुमच्या जिराफला पगार सुरू करा. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो." सभेत बाईंचे कौतुक झाले, आणि बाईंनी ते मान खाली घालून करून घेतले.

कार्डांवरचे सगळे शब्द बाईंचे नव्हते. जिराफ हे त्यांच्या मुलीचे घरातले लाडाचे नाव. वर्षभरात पोरगी आईपेक्षा वीतभर उंच झाली होती. आई भाजी चिरायची तेव्हा ती ओट्याला टेकून शाळेतले काहीबाही सांगायची. त्यातलेच एक कार्ड असे होते : 'वर्गाच्या फोटोत रांग बिघडू नये म्हणून मला खुर्चीवर बसवतात. अशा दिवशी घरी येऊन हे पुस्तक वाचावे. यातली मुलगीसुद्धा कुठेच मावत नाही.' पहिले वाक्य मुलीचे होते, पुढची दोन आईची.

"मी फोटोवरून ओळखलं," उंच मुलगी सांगत होती. "आमच्या शाळेत बसवून फोटो काढतात अशी एकच आहे. पुढच्या वर्षी मलापण बसवणार बहुतेक. म्हणून बुधवारी मधल्या सुट्टीत तिच्या वर्गात गेले नि म्हटलं, तू वाचनालयातल्या कार्डांवरची जिराफ ना? तुझी सगळी पुस्तकं वाचली मी. ते फोटोचं, ते बुटांचा नंबर खोटा सांगायचं, सगळं माझंपण अस्संच होतं!"

"वर्गात? सगळ्यांसमोर?"

"हो ना." मुलीचा आवाज उतरला. "ती पांढरीफटक पडली. आता सगळे तिला जिराफ म्हणतात. मुलगे बाकावर चढून विचारतात, वर हवा कशी आहे? मला वाटलं तिला आवडेल. आता मला सॉरी म्हणायचंय, पण ती मला बघितलं की वाट बदलते. कार्डं तुमच्याकडेच देते ना ती? तुम्ही सांगाल तिला?"

सांगते, एवढे म्हटले असते तर वेळ मारून नेता आली असती. तो शब्द बाईंच्या जिभेच्या टोकावर आलाही होता.

"ती कार्डं मी लिहिलीत," त्या म्हणाल्या.

मुलीने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. "तुम्ही? पण तुम्ही तर बुटक्या आहात!"

काका फिस्सकन हसले. मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले.

"मग फोटोचं तुम्हाला कसं कळलं?"

"ती माझी मुलगी आहे."

"तिला विचारलं होतंत, लिहू का म्हणून?"

"नाही."

"अय्यो," मुलगी हळूच म्हणाली. तिने कुठलेच पुस्तक घेतले नाही. जाताना मांडणीकडे पाहिलेही नाही.

बाईंनी सगळी कार्डे काढून पर्समध्ये टाकली. शेवटचे हातात आले तेव्हा मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्यांना झाले. बुधवारी संध्याकाळी त्यांची मुलगी घरी ओट्यापाशी येऊन उभी राहिली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. पोट दुखतंय का, असे बाईंनी विचारले, ती नाही म्हणाली, आणि विषय संपला. गुरुवारी बाईंनी नवे कार्ड लिहिले : 'कधीकधी घरी येऊन कुणाशीच बोलावंसं वाटत नाही. त्या दिवसासाठी हे पुस्तक.' ते लिहून झाल्यावर त्यांना समाधान वाटले होते.

घरी मुलगी जमिनीवर पालथी पडून गणिते सोडवत होती.

"आज सातवीतली एक मुलगी आली होती," बाई म्हणाल्या.

"असेल."

"तू मला का नाही सांगितलंस गं?"

मुलीने वर पाहिले नाही. "सांगितलं असतं तर त्याचंपण कार्ड केलं असतंस."

बाई नुसत्याच उभ्या राहिल्या, पर्स छातीशी धरून, परक्याच्या घरात आल्यासारख्या.

"आणलीस का ती?" मुलीने विचारले.

"हो."

"सगळी दे."

शेवटचे कार्ड मागे ठेवता आले असते. बाईंची बोटे पर्समध्ये त्याच्यावर जाऊन थांबली, त्याची कड त्यांनी चाचपलीसुद्धा. मग त्यांनी सगळा गठ्ठा दिला. मुलीने तो घेतला, वही मिटली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावले.

रविवारी ती जेवायला बाहेर आली तेव्हा एवढेच म्हणाली, "दूध संपलंय." सोमवारी आईने काही विचारायच्या आधीच गणवेश घालून शाळेला निघून गेली. ती गेल्यावर बाईंनी खोली आवरली. कार्डे टेबलावर नव्हती, कचऱ्याच्या डब्यातही नव्हती.