शांतीचा हात

धाकटीचा हात अर्धा पुढं गेला होता, तेवढ्यात चर्चमध्ये समोर उभे असलेले पाळकसाहेब म्हणाले की गावातली तापाची साथ ओसरेपर्यंत कुणी कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. शांती द्यायची ती नुसती मान लववून. बाकांवर कुजबुज झाली. धाकटीनं हात मागं घेऊन गीतांच्या पुस्तकावर ठेवला आणि शेजारी बसलेल्या थोरल्या जावेकडे न बघता मान लववली. थोरलीनंही लववली. सुंठीवाचून खोकला गेला, असं धाकटीला वाटलं.

चर्चच्या त्या मंडळीचा नियम कडक होता. शेजारच्याला शांती दिल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजाकडे भाकर-द्राक्षारस घ्यायला जायचं नाही. बाकावरच्या जागाही वर्षानुवर्षांच्या ठरलेल्या. त्यामुळे अकरा वर्षं एकमेकींशी अवाक्षर न बोललेल्या या दोन जावा दर रविवारी एकमेकींचा हात हातात घेत, ‘शांती असो’ म्हणत आणि सोडून देत. त्यांचे नवरे, सख्खे भाऊ, गमतीनं म्हणत की यांचं बोलणं आठवड्यातून एकदाच, तेही पाळकांच्या वशिल्यानं.

भांडण सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यातलं. थोरली तेव्हा परिचारिका होती. तिनं कुणाला न विचारता त्यांना इस्पितळात हलवलं. धाकटीची इच्छा होती की त्यांनी घरी, आपल्या खाटेवर, कानावर प्रार्थना पडत असताना डोळे मिटावेत. त्या गेल्या परक्या खोलीत, जवळ कुणी नसताना. धाकटी एकच वाक्य बोलली होती, ‘तुम्हाला त्या पेशंट म्हणून हव्या होत्या, आई म्हणून नव्हे.’ ते वाक्य दोघींच्या मध्ये बाकावर येऊन बसलं, ते उठलंच नाही.

मान लववण्याचे तीन रविवार गेले. धाकटी घरी शिवणकाम करायची. एका दुपारी मशीनवर बाही जोडताना तिच्या ध्यानात आलं की आपल्याला हल्ली थोरलीचं काहीच कळत नाही. पूर्वी कळायचं. थोरलीच्या नवऱ्याचं, भावजींचं, ऑपरेशन होतं त्या आठवड्यात थोरलीचा तळवा घामानं ओला होता. निवृत्त झाली तेव्हा हाताचा औषधी साबणाचा वास गेला. मग अंगठी बोटात सैल फिरू लागली, म्हणजे वजन उतरलं. आणि गेलं वर्षभर त्या हाताला एक बारीक थरथर होती. ती कशाची, हे धाकटीनं तेव्हाच ओळखलं होतं. अकरा वर्षं मुरलेला राग, दुसरं काय असणार? मग तीही हात लवकर सोडायला लागली होती.

लववलेल्या मानेवरून काही कळत नव्हतं. मान सगळ्यांचीच सारखी लवते.

जेवताना तिनं थोरलीबद्दल नवऱ्याला विचारलं, “ताई बऱ्या आहेत का हो?”

त्याचा घास हातातच राहिला. “दादा म्हणतो, बरी आहे.”

“भावजींचं सोडा. तुम्ही परवा गेला होतात ना? तुम्हाला काय दिसलं?”

“मला काय दिसायचं? वहिनीनं चहा दिला, मी प्यायलो.”

याला विचारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत तिनं ताटं उचलली.

रोज सकाळी चूल पेटवण्याआधी प्रार्थना करायची, हा तिचा लग्नापासूनचा नेम. त्यात घरच्या एकेकाचं नाव घ्यायची. थोरलीला मात्र ती ‘आणि इतर सर्व’ यांच्यात बसवून टाकायची. त्या शनिवारी ‘आणि इतर सर्व’पाशी तिची जीभ अडखळली, ती पुढं सरकेचना. दुपारी तिनं मशीनवर झाकण घातलं आणि थोरलीचं घर गाठलं.

दार थोरलीनंच उघडलं. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. धाकटीकडे सवयीचे दोनच शब्द होते. तेच तिनं काढले.

“शांती असो.” आणि हात पुढं केला.

थोरलीनं आपले हात पाठीमागे धरले होते. “साथ आहे. सांगितलंय ना?”

“हो.”

“मग आधी हात धू. साबणानं, कोपरापर्यंत.”

धाकटी निमूटपणे आत जाऊन नळापाशी उभी राहिली आणि हात चोळू लागली. थोरली मागून बघत होती. म्हणाली की अशानं जंतू मरत नाहीत, त्यांना गुदगुल्या होतात. मग तिला राहवलं नाही. पुढं होऊन तिनं धाकटीचे हात धरले आणि बोटांच्या बेचक्यांतून फेस फिरवू लागली. साबण तिच्या हातून निसटला. तिनं उचलला. पुन्हा निसटला. थरथर आता बारीक राहिली नव्हती. मनगटापासून सगळा हात हलत होता.

“अजून रागावलाय माझ्यावर?” धाकटीनं हळूच विचारलं.

“राग?” थोरली बघतच राहिली. “अगं, रागानं माणूस वर्षभर थरथरतं का? आजार आहे हा. वाढणारा.”

पाणी वाहत राहिलं.

“कुणाला माहीत आहे?”

“डॉक्टरला. यांना सांगितलं नाही, हाय खातील. आणि मला वाटलं, तुला.”

“मला?”

“दर रविवारी तुझ्याच तर हातात असायचा. म्हटलं, हिला कळलंय. आणि कळूनही ही हात झटकन सोडते.”

धाकटीनं थोरलीचा हात नळाखाली धरला आणि एकेका बोटावरचा फेस उतरवला, आत्ताच शिकवला होता तसा, बेचक्यांतून.

त्या मंडळीत उपासनेच्या शेवटी कुणीही उभं राहून कुणासाठीही सगळ्यांकडे प्रार्थना मागू शकत असे. थोरली इस्पितळातल्या परक्या रुग्णांसाठी कितीदा तरी उभी राहिली होती. स्वतःसाठी एकदाही नाही.

“उद्या प्रार्थना मागू या?” धाकटीनं विचारलं.

“मी नाही हो उभी राहणार.”

“तुम्ही नका राहू. मी राहते.”

“आधी यांच्या कानावर घालावं लागेल.”

“आज घालू. मी थांबते तोवर.”

थोरली म्हणाली, “आणि उद्या मंडळीला काय सांगशील? कोणासाठी म्हणून?”

“माझ्या थोरल्या जावेसाठी.”

थोरलीनं हात सोडवून घेतला नाही. ती नळाच्या धारेकडे बघत राहिली.

“बहीण म्हण,” ती म्हणाली. “मंडळीत सगळ्याच एकमेकींना तसंच म्हणतात.”