मैनाच्या वाटच्या गोळ्या

लावणीच्या दिवसांत बाईमाणसाचा निम्मा जीव चिखलात आणि निम्मा खाजेत. ओलं लुगडं सकाळी अंगावर चढलं की दिवस मावळेपर्यंत तेच. वाळतंय कुठलं, नुसतं अंगाच्या ऊबेनं कोमट होतंय. म्हसळ्यापासून चार मैलांवरच्या त्या गावात मनुबाईच्या खाचरात सावडीच्या सात बाया वाकल्या होत्या. सावड म्हणजे आज हिच्या शेतात सगळ्या, उद्या तिच्या. मजुरीचं नाव न्हाय. भाकरी, कालवण, मशेरी, जे काय असेल ते बांधावर सगळ्यांचं. शेजारची मैना रोपांची एक मूठ लावायची आणि कोपरानं कंबर घासायची. मनुबाईनं ते बरोबर हेरलं.

"नायटा काय गो?"

"कमरंपास्नं खाली. सांगायची सोय न्हाय," मैना पुटपुटली. "तुजा कसा गेला?"

मनुबाईचा गेला होता खरा, पण फुकट न्हाय. वर्षभर दुकानातली ट्यूब चोळचोळून तिनं तो ताटाएवढा करून ठेवला होता. अवघड जागचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात ना, तशी गत. कातडीचा डॉक्टर लेकाच्या वयाचा, त्याला दाखवायचं कसं? अखेर सून नूतन हिनं हाताला धरून म्हसळ्याला नेलं. त्यानं ट्यूब आधी फेकायला लावली, रक्त तपासलं, कावीळ-पित्ताचं काय दुखणं झालंय का विचारलं, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारलं. न्हाय म्हटल्यावर गोळ्या लिहून दिल्या. जेवणावर रोज एक, दीड महिना, खाज थांबली तरी मध्येच सोडायची न्हाय. आणि निघताना म्हणाला, आजी, ही गोळी फक्त तुमच्यासाठी, कुणाला द्यायची नाही. मनुबाईनं मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

डॉक्टर शहाणा, पण त्याला सावड ठाऊक न्हाय. जिनं तुझ्या शेतात दिवसभर कंबर मोडली, तिनं बांधावर बसून काय मागितलं आणि तू न्हाय म्हणालीस, तर उद्या कोणत्या तोंडानं तिला हाक मारशील? मनुबाईनं पिशवीतून एक आख्खं पाकीट काढून मैनाच्या हातात ठेवलं. जेवणावर घे, इतकं मात्र आठवणीनं सांगितलं.

मैनाच्या काळजाची झडप चार वर्षांमागं मुंबईला बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ राहायची गोळी ती रोज घ्यायची. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, मनुबाईला तर जास्तच, कारण तेव्हा मैनाच्या म्हशीचा शेणगोठा तिनंच केला होता. पण नायटा कमरेला आणि झडप छातीत. त्यांचा एकमेकांशी संबंध काय असणार? डॉक्टरनं दुसऱ्या गोळ्यांचं विचारलं ते मनुबाईला. मैनाला कुणी विचारलंच न्हाय.

पाचव्या दिवशी मैनाची खाज बसली. देवमाणूस हाय तुजा डॉक्टर, म्हणाली. सातव्या दिवशी तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले, कुठं आपटली असेल म्हणून कुणी मनावर घेतलं न्हाय. नवव्या दिवशी सावड तिच्याच शेतात होती. रोपं काढून मुठी बांधून झाल्या, आणि मैनाच्या नाकातून रक्त आलं. डोक्यावर पाणी मारलं, कांदा हुंगवला. रक्त काय थांबेना. हिरड्यांतूनही यायला लागलं तेव्हा तिचा नवरा महादेव रिक्षा घेऊन आला. मनुबाई चिखलाच्या पायांनीच आत बसली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवीन कुठलं औषध घेतलंय का? महादेव म्हणाला, न्हाय. मैनानं मनुबाईकडं एकदा पाहिलं आणि तोंडावरचा फडका न काढता मान हलवली, न्हाय. आपल्या पायी शेजारणीला बोल नको, म्हणून. मनुबाईला ते कळलं आणि भडभडून आलं.

"मी दिल्या," ती म्हणाली. "माज्या नायट्याच्या." आणि पिशवीतलं पाकीट टेबलावर ठेवलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाकीट वाचलं, डोळे मिटले आणि शांतपणे सांगितलं, "ही गोळी त्या गोळीचा जोर वाढवते, मावशी. रक्त गोठेनासंच होतं. सांगितलंत ते बरं केलंत." मग अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात फोन झाला, तिकडं न्यायला गाडी आली. गाडीत एकालाच बसता येत होतं. महादेव बसला.

मनुबाई परत आली ती सरळ मैनाच्या शेतात. काढलेली रोपं कुणाची वाट बघत न्हाईत, कुजतात. आणि दुसरं करण्यासारखं तिच्या हातात होतं तरी काय? ती वाकली आणि लावत सुटली. बांधावर फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. हे गोळीपायी झालं, ते तिनं अजून कुणाला सांगितलं न्हवतं.

दुपारी सगळ्या भाकरीला बसल्या. तिला घास जाईना, पण दोन घास गिळले, कारण गोळी जेवणावर घ्यायची होती आणि मध्येच सोडायची न्हवती. ज्या गोळीनं मैनाला गाडीत घातलं तीच आपण आपल्या तोंडात टाकायची. तिनं गोळी जिभेवर ठेवली. तांब्या तोंडाला लावला.

सावडीतली अनुसूया जवळ सरकली. नायटा तिलाही झाला होता. वर तिला मळमळायचं, पित्त म्हणून रोज काहीबाही घ्यायची.

"मैनाचा नायटा पार गेला म्हनं," ती हळूच म्हणाली. "उरल्यात काय गो दोन-चार?"

मनुबाईनं पाकीट मुठीत आवळलं.

"न्हाय."

"दिसतंय की हातात."

"हाय. पन देनार न्हाय. डॉक्टरकडं जा, सांगशील तर मी येतंय संगतीला."

सावडीत असं कुणी कुणाला बोललं न्हवतं. अनुसूयानं आपली भाकरी उचलली आणि पलीकडच्या बायांत जाऊन पाठमोरी बसली. हे बोल नऊ दिवसांमागं तोंडातून निघाले असते तर आज मैनाही अशीच पाठमोरी बसली असती, रुसून, धडधाकट. मनुबाई उठली, फोन कोरड्या हातानं पुसून बघितला. अलिबागहून काही आलं न्हवतं. मग ती परत खाचरात उतरली, कारण मैनाच्या रोपांच्या बऱ्याच मुठी अजून लावायच्या होत्या.