आईच्या घरचा पत्ता

ओक्लाहोमाच्या तुरुंगात वेंडेलची सहा वर्षं गेली होती आणि शुक्रवारी सुटका होती. अट एकच: बाहेर राहायला पत्ता हवा, आणि त्या घरच्या माणसाने चौकशीला येणाऱ्या अधिकाऱ्याला तोंडाने हो म्हणायला हवं. सुटलेल्या कैद्यांच्या वसतिगृहात एक खाट रिकामी होती. ती नाकारून या शहाण्याने आईचा पत्ता लिहून दिला.

"गाढवा, घे ना ती खाट मुकाट्याने," कोठडीतला म्हातारा ऑर्विल नूडल्स भिजवत म्हणाला. "सहा वर्षांत आली का ती एकदा तरी भेटायला?"

"तिला फक्त हो म्हणायचंय."

"आणि नाही म्हणाली तर?"

"ती नाही म्हणत नाही रे. ती काहीच म्हणत नाही."

खरंच होतं ते. आईने त्याला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त त्याच्याकडे बघितलं नाही. सात वर्षांचा असताना झाडावरून पडून त्याचा हात मोडला. दारात उभा राहून तो किती तरी वेळ रडला, पण टीव्हीपुढची आई हलली नाही. शेवटी त्याने काचेची बरणी फोडली, तेव्हा कुठे ती धावत आली. ते डोक्यात पक्कं बसलं. पुढे शाळेच्या खिडक्या, मग दुकानांच्या काचा, मग माणसांची थोबाडं. कुणी बघेना की फोडायचं, एवढंच त्याला येत होतं. गेली दोन वर्षं मात्र त्याने कसेबसे हात आवरले होते.

बुधवारी समुपदेशक टॉलिव्हरबाईंनी बोलावलं.

"अधिकारी काल तुझ्या घरी जाऊन आले. तीनदा बेल वाजवली. खिडकीतून आई दिसत होती. उठली नाही."

"ऐकू गेलं नसेल, मॅडम."

"तिने वळून पाहिलं, वेंडेल. आणि पुन्हा टीव्ही बघत बसली." त्यांनी कागद पुढे सरकवला. "वसतिगृहातली खाट अजून आहे. इथे सही कर. परवा बाहेर असशील."

त्याने पेन घेतलं. सही कर, सही कर, असं तो स्वतःला विनवत होता. पण हाताने पेन टाकलं, बाईंचा कॉफीचा मग उचलला आणि खिडकीच्या काचेवर भिरकावला.

"वेंडेल! वेंडेल!" बाई ओरडल्या. चार शिपाई धावत आले. त्याला जमिनीवर पालथा पाडून बेड्या घातल्या. शुक्रवारची सुटका गेली, हे त्याला तिथेच कळलं आणि तो ढसाढसा रडायला लागला.

बाई शेजारी गुडघ्यांवर बसल्या. "कुठे लागलंय का रे?"

त्याला साधा ओरखडाही नव्हता.

"हात मोडलाय," तो हुंदके देत म्हणाला.