तानीचे कान

माझा भाऊ परशराम आमच्या बेळगाव भागातल्या सीमा चळवळीत पुढे असतो, याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो त्याने स्वतःच्या पोरीला त्यात ओढलं तेव्हा, आणि तो अजून उतरलेला नाही.

त्र्याऐंशी साली तानी सात वर्षांची होती. घरात ताट पडलं तरी दचकून कोपऱ्यात जायची. शिवण टोचते म्हणून फ्रॉक उलटा घालायची. तिच्या आईने, शालूने, कधी धपाटे घातले, कधी दृष्ट काढली. मी मात्र दोन जड वाकळा तिच्या अंगावर टाकायचे, की पोरगी हळूहळू निवायची. असं का होतं, ते मला माहीत नव्हतं. होतं एवढं दिसत होतं.

त्या वर्षी शाळेत नवा कर्णा आला आणि आमच्या मराठी गावाचा विरोध असताना रोज सकाळी कन्नड प्रार्थना सुरू झाली. दुसरीची रांग नेमकी कर्ण्याखाली. तानी कान दाबून खाली बसली. मुख्याध्यापकांनी छडी मारून उठवलं, ती पुन्हा बसली. असं आठवडाभर चाललं आणि परशरामला बोलावणं आलं. मीही सोबत गेले.

"प्रार्थनेला कान झाकायचे, हे पोरीला कोणी शिकवलं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सर, तिला मोठा आवाज सोसत न्हाय," मी म्हणेपर्यंत परशराम छाती काढून बोलला, "मीच शिकवलं! काय करायचं ते करा."

खोटं! साफ खोटं! पोरगी कान दाबते हे त्याला तिथेच कळलं होतं. माफी लिहून द्या, तोवर मुलीला पाठवू नका, असं सांगून सरांनी आम्हाला वाटेला लावलं. आणि हा गडी लढाई जिंकल्यासारखा घरी आला.

गावाने तर तिला डोक्यावर घेतलं. एवढीशी पोर वाकली नाही म्हणून देवळापुढे सत्कार ठरला. हार, नारळ, हलगी, शिवाय बेळगावहून भाड्याने आणलेले चार कर्णे.

"परश्या, नको रं नेऊ तिला तिथं."

"आक्का, तुला ह्यातलं कळत न्हाय."

पहिली घोषणा झाली, मराठीतली, आणि तानीने कान दाबले. हार ओरबाडून काढला, किंचाळत टेबलाखाली शिरली. मग कुणीतरी फिदीफिदी हसलं. परशरामने तिला खेचून बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिली.

मी तशीच स्टेजवर चढले. "पुन्यांदा हात लावून बघ! तिकडं छडी, हितं थप्पड. कान तिचं हाईत, तुमच्या कुणाच्या बापाचं न्हाईत!"

तिला उचलून घरी आणलं, वाकळा टाकल्या. बराच वेळ ती थरथरत होती. मग आतून बारीक आवाज येऊ लागला. तीच कन्नड प्रार्थना, चालीसकट, एक शब्दही न चुकता. छड्या खाता खाता पोरीने ती पाठ केली होती.

परशराम दारात येऊन उभा होता. त्यानेही ऐकलं.

"आता उद्या शाळेत जा," मी म्हणाले, "आणि सांग, मी खोटं बोललो म्हणून."

"गाव काय म्हणंल, आक्का?"

तेवढ्यात वाकळेतून तानीने विचारलं, "आत्ती, उद्या शाळा हाय न्हवं?"

परशरामकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला काय विचारतीस?" मी म्हणाले. "तुझा बाप उभा हाय बघ दारात. त्याला विचार."