धागा बांधलेला नळ

नळवाल्या काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि थोरलीच्या कोऱ्या कागदावर सरळ एक उभी रेघ ओढली.

खरं तर मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही, असं मुलांचा तंबू सांभाळणाऱ्या चष्मेवाल्या ताईनं त्यांना बजावून ठेवलं होतं. भूकंपाचा विषय आपण होऊन काढायचा नाही, हेही. काका छावणीत आले होते ते पाण्याची लाइन टाकायला. लाइन झाली, पण मुलांच्या तंबूत माणसं कमी पडत होती आणि काकांना नाही म्हणायची सवय नव्हती. मग रोज चार वाजता पाना-पकड बाहेर ठेवायचे आणि पोरांत मांडी घालून बसायचे. बसताना गुडघे कुरकुरायचे, पोरं हसायची. आपला उपयोग तेवढाच, असं ते स्वतःच सांगत.

बाकीची पोरं रंग फासून मोकळी व्हायची. थोरली नऊ वर्षांची, तिचा कागद चार दिवस झाले तरी कोराच. तीन आठवड्यांपूर्वी भूकंपात घर कोसळलं, आई आत राहिली, तेव्हापासून पोरगी हूं की चूं करत नव्हती. दिलं तर खायची, धाकट्या भावाचं नाक पुसायची, बास. उद्या मनाच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. हिचं असंच राहिलं तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ठेवायचं ठरत होतं, आणि धाकटा मावशीकडे. मावशीनं सकाळीच काकांना नळाशी गाठलं होतं. म्हणाली, तो तिच्या फ्रॉकची कड मुठीत धरून झोपतो हो, त्याच्या मुठीत मी काय देऊ?

काकांपाशी द्यायला एवढी एक पेन्सिल होती.

"ही टाकी," ते कागदाशीच बोलले. "ही खाली आलेली लाइन. ही न्हाणी. इथून वळसा मारून स्वयंपाकघर. घर बांधल्याचा तोरा गवंडी मिरवतो, पण सकाळी पाणी आलं नाही की त्याला कुणी हाक मारत नाही. मला मारतात."

"ओटा डावीकडे," थोरली म्हणाली.

काकांनी मान वर केली नाही. गळका जोड हळू धरावा, हिसका दिला की फुटतो, एवढं त्यांना धंद्यानं शिकवलं होतं. त्यांनी ओटा मुद्दाम उजवीकडेच काढला. पोरीनं त्यांच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली, तो ओटा गिचमिड करून खोडला, डावीकडे नवा काढला. त्यावर नळ. नळाला कसलीशी गाठ.

"हे काय गं?"

"धागा. नळ गळायचा ना. नळवाला आला, धागा बांधला, उद्या येतो म्हणाला."

मग तिनं नळाखाली बादली काढली आणि तिच्यावर पेन्सिल गिरवत राहिली. गिरवता गिरवताच सगळं बाहेर आलं, अगदी खालच्या आवाजात. झोपण्याआधी नळाखाली बादली लावायचं काम तिचं. त्या दिवशी ती विसरली. सकाळी ती आणि धाकटा अंगणात दात घासत होते. आईनं दारातून ओली फरशी पाहिली आणि बादली ठेवायला आत गेली, आणि तेवढ्यात जमीन हलली.

"मी विसरले म्हणून गेली."

तुझी काही चूक नाही, हे ताईनं शिकवलेलं वाक्य काकांना आठवलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"नळातलं रबराचं वायसर गेलं असणार," ते म्हणाले. "नखाएवढं असतं. पाच मिनिटांचं काम. पण पिशवीत नसलं की आम्ही धागा बांधतो आणि उद्या येतो म्हणतो. मीही खूप घरांत बांधलाय."

"मग गेलात उद्या?"

"बऱ्याच ठिकाणी नाही गेलो."

"का?"

काकांनी कागदावरची ती गाठ बोटानं चाचपली.

"का नाही गेलात?"

हा आवाज पार तंबूबाहेर गेला. पाठोपाठ तिची मूठ काकांच्या छातीवर आली, मग दुसरी. चष्मेवाली ताई धावली, तिला काकांनी हातानंच थांबवलं. धाकट्याला काही उमगलं नाही, पण आपली बहीण मारतेय म्हणजे मारायचंच असणार, म्हणून त्यानंही दोन ठोसे ठेवून दिले.

"चुकलं माझं," काका म्हणत राहिले. पोरगी थकेस्तोवर म्हणत राहिले. मग ती रडली, आणि आवाज ऐकून धावत आलेली मावशी तिला कुशीत घेऊन कितीतरी वेळ तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी काका खाली मान घालून तंबूच्या दाराशी उभे राहिले. ताईनं त्यांना आधीच फैलावर घेतलं होतं. एक तर पोरीच्या कागदावर रेघोट्या मारल्या, वर तिच्या हातचा मार खाल्ला, डॉक्टरीणबाईंना आता मी काय सांगू, असं ती म्हणाली होती. डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर दवाखान्याचा फॉर्म होता, सही तेवढी राहिली होती. त्यांनी ताईचं सगळं ऐकून घेतलं. मग टाकीपासून बादलीपर्यंत कागदावरून बोट फिरवलं आणि थोरलीला विचारलं, काल या काकांचा राग आला म्हणे, आणखी कुणाचा येतो का?

थोरलीनं कागद आपल्याकडे ओढला.

"येतो," ती म्हणाली. "पण आधी यांच्यावरचा संपू दे."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म सही न करता तसाच पिशवीत टाकला, आणि जरा बाजूला सरकून काकांना सतरंजीवर जागा करून दिली.