बटाट्यांचा बार

केटररचे बूट पांढरेशुभ्र होते. ज्याचे बूट इतके पांढरे, तो माणूस स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, हे मी तो दारात उभा असतानाच ओळखलं. दादाच्या शिलाई मशीनवर त्याने फोटोंची फाइल उघडली आणि पानं उलटत गेला. बर्फाचे हंस, कारंज्यातून वाहणारं चॉकलेट, उंच टोप्या घातलेले आचारी. शेवटच्या पानावर आकडा होता. दादाने तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. आकडा तेवढाच राहिला.

"विचार करून कळवतो," दादा म्हणाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शाळांचे गणवेश शिवतो. 'विचार करून कळवतो' याचा अर्थ त्याच्याकडे 'नाही' असाच असतो. पण या वेळी नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. लग्न त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, आमच्या ठमीचं. रिसेप्शनला दोनशे माणसं बोलावून झाली होती, हॉल ठरला होता, आणि त्या दोनशे माणसांना खायला काय घालायचं याचा कुणालाच पत्ता नव्हता.

"मी करते," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघण्यासारखं काय होतं त्यात? सव्वीस वर्षं मी पंख्याच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आहे. भोंगा वाजला की वीस मिनिटांत तीनशे माणसं जेवून हात धुऊन मोकळी होतात.

"दोनशे माणसं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ," मी म्हणाले. "एक जरी माणूस त्या हॉलमधून उपाशी बाहेर पडला ना, तर ओगराळं कायमचं खाली ठेवीन."

ओगराळं म्हणजे माझा लांब दांड्याचा, खोलगट डाव. कॅन्टीनमध्ये तो माझ्याशिवाय कुणी हातात धरत नाही. बोलताना बोलून गेले खरी. दादा लगेच म्हणाला, "अगं, ते कामगार. हे पाहुणे. विहीणबाईंसमोर शोभा व्हायला नको."

तेवढ्यात ठमी उठून उभी राहिली. ती छापखान्यात काम करते आणि तिच्या बोटांना कायम कसली तरी शाई लागलेली असते. ती निळी बोटं नाचवत म्हणाली, "आत्या, आपण बार करू!"

"तुझ्या बापाला आत्ताच घाम फुटलाय, त्यात दारू कुठे आणतेस?"

"दारूचा नाही गं. बटाट्यांचा!"

मग तिने सांगितलं. एक लांब टेबल. सुरुवातीला भाजलेले गरम बटाटे, मधोमध चीर दिलेले. पुढे ओळीने वाडगे. किसलेलं चीज, लोणी, परतलेला कांदा, मक्याचे दाणे, टोमॅटोच्या रसातला राजमा, लसणावरचे मशरूम, दही, तिखट सॉस. ज्याला जे हवं ते त्याने बटाट्यावर घालून घ्यायचं. एका कोपऱ्यात टोमॅटोचं सूप, दुसऱ्या कोपऱ्यात फळं. बस.

"लग्नात बटाटे?" वहिनी म्हणाली.

मी मात्र ऐकता ऐकता उभीच राहिले होते. मला ते टेबल दिसायला लागलं होतं. बटाटा पोट भरतो, बटाटा रुसत नाही, बटाटा एक तास गरम राहतो. आणि हॉलच्या अगदी समोर बेकरी! सकाळचे पाव निघाले की ती भट्टी दुपारपर्यंत नुसती तापत पडलेली असते.

"फक्त एक अट," ठमी म्हणाली. "टेबलामागे कुणी उभं राहायचं नाही. ज्याने त्याने वाढून घ्यायचं."

"बघू," मी म्हणाले. 'बघू' याचा अर्थ आमच्या घरात काय असतो ते ठमीलाही माहीत होतं.

पुढचे तीन आठवडे मी कधी चालले असं मला आठवतच नाही, नुसती धावत होते. पाववाल्याकडे गेले तर तो हसला. "लग्नात बटाटे?"

"तू भाज. हसायचं नंतर."

त्याने एक ट्रे भाजून दाखवला. साल कुरकुरीत, आत कापूस. तो स्वतःच उभ्या उभ्या दोन खाऊन बसला आणि मग म्हणाला, "भट्टी तुमची. पाव माझ्याकडून घ्या म्हणजे झालं."

रविवारी घरी तालीम केली. दादाचं कापायचं टेबल पुसून त्यावर वाडगे मांडले आणि घरच्यांना प्लेट देऊन सोडलं. पहिल्याच फेरीत दादाने अर्धं चीज उचललं. माझं डोकंच फिरलं. पण कॅन्टीनने मला एक गोष्ट शिकवली आहे. पोट भरणारं आधी मांडायचं आणि महाग ते शेवटी. मी वाडग्यांचा क्रम बदलला. कांदा, मका, राजमा सुरुवातीला; चीज सगळ्यांच्या शेवटी, आणि त्यात लहान चमचा. दुसऱ्या फेरीत दादा चीजपर्यंत पोचला तेव्हा त्याच्या प्लेटमध्ये चमचाभरच जागा उरली होती.

"आत्या, तू पक्की बदमाश आहेस," ठमी म्हणाली. इतकी हसली की राजम्याचा ठसका लागला.

मधे विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. मेनू काय ठरलाय, असं त्यांनी विचारलं. वहिनीने घसा खाकरून सांगितलं, "बटाटे." पलीकडून नुसतं "बरं."

"कसं म्हणाल्या बरं?" मी विचारलं.

"लाल शाईतलं," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

आदल्या दिवशी दादाने माझ्यासाठी शिवलेला ड्रेस दिला. गर्द जांभळा, अंगासरसा बसणारा. मी आरशासमोर फिरले, हात खाली नेले आणि थांबले.

"दादा, खिसा कुठंय?"

"ठमी म्हणाली नको. खिसा असला की तू त्यात फडकं कोंबशील."

काय एकेक डोकी आहेत! पण ओगराळं मात्र कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं.

रिसेप्शन भर दुपारी होतं. हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि ठमीने छापलेल्या पाट्या वाडग्यांपुढे उभ्या होत्या. 'कांदा : रडून झालंय, आता खा.' 'मशरूम : हिंमत असेल तर.' टेबल मी मांडलं होतं. भिंतीपासून एक माणूस मावेल एवढंच अंतर सोडून, कॅन्टीनमध्ये असतं तसं. बरोबर एक वाजता पाववाला पहिला ट्रे डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून आला. वाफेचा वास हॉलभर पसरला.

आणि कुणी हललंच नाही.

लोक टेबलाभोवती आले, पाट्या वाचून हसले आणि उभे राहिले. नवरदेवाच्या काकांनी एक बटाटा उचलला, प्लेटमध्ये ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. पुढे काय करायचं असतं, हे कुणी सांगेल याची ते वाट बघत होते. त्यांच्यामागे वीस माणसं थांबली. मग चाळीस. दादा खांबाशी उभा राहून मला खुणा करत होता आणि त्याच्या कपाळावरचा घाम मला इथून दिसत होता. 'एक जरी माणूस उपाशी' हे माझंच वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं.

मला राहवलं नाही. भिंतीलगत सरकत मी टेबलामागे शिरले, पिशवीतून ओगराळं काढलं आणि ओरडले, "चला, प्लेट पुढे!"

काय सांगू, काय बरं वाटलं! काकांच्या बटाट्यावर राजम्याचं एक ओगराळं, मका, कांदा, पुढे चला. पुढचा. पुढचा. रांग सरकली. दादाने चष्मा पुसला. सव्वीस वर्षांचा हात आहे, विचार करावा लागत नाही.

पण दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की रांग कमी होत नाहीये. कामगार बोलत नाहीत, त्यांना भोंग्याची घाई असते. पाहुणे बोलतात. "राजमा थोडा कमी", "मशरूम कसं आहे हो?", "आमच्या हिला दही चालतं का बघतो". हात एक आणि माणसं दोनशे. रांगेचं शेपूट दाराबाहेर गेलं, जिन्यापर्यंत. पाववाला तिसरा ट्रे घेऊन आला आणि दुसरा अजून तसाच भरलेला, थंड होत पडलेला. तिकडे फोटोवाला ओरडला, "घरची सगळी मंडळी स्टेजवर या!"

"तुम्ही काढून घ्या!" मी इथूनच ओरडले. नेहमीसारखं. हात थांबवला नाही.

"पुढचा. प्लेट पुढे!"

पुढची प्लेट ठमीची होती.

लग्नाच्या पोशाखात, हातात दोन प्लेट घेऊन नवरी रांगेत उभी होती. मी सर्दच झाले. "अगं, तू इथे काय करतेस? स्टेजवर जा!"

"आत्या, माझ्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत तू कुठे आहेस?"

"हे काय आता विचारायचं?"

"कोपऱ्यात. म्हणजे तुझा हात आहे कोपऱ्यात, ओगराळं धरलेला. बाबांच्या दुकानाच्या उद्घाटनात, तिथेही हात. माझ्या बारशापासून साखरपुड्यापर्यंत सगळ्या फोटोंत तुझा नुसता हात आहे. मी अल्बम लावताना मोजले. चेहरा एकाही फोटोत नाही."

मला रागच आला, खरं सांगते. इतक्या लोकांसमोर ही काय बोलायची वेळ?

"बटाटे स्वस्त म्हणून नव्हते ठरवले," ठमी म्हणाली. "स्वस्त तर तुझं सूप आणि पावही होता. पण ते वाढायला तू लागली असतीस. बटाट्यांना कुणी लागत नाही."

माझ्या हातातलं ओगराळं राजम्याच्या वर तसंच थांबलं. थेंब टपटप टपकत होते. इतकी वर्षं मला कुणी बघतंय असं मला वाटलंच नव्हतं, आणि ही पोरगी मोजत बसली होती.

"मी बाजूला झाले तर लोक उपाशी राहतील गं," मी हळूच म्हणाले. "बघितलंस ना, कुणी हात लावत नव्हतं."

तेवढ्यात रांगेतून एक खणखणीत आवाज आला. "टेबल भिंतीला चिकटवून कुणी ठेवलंय?"

विहीणबाई. चष्मा नाकावर, हातात रिकामी प्लेट.

"मी," मी म्हणाले.

"एका बाजूने शंभर, दुसऱ्या बाजूने शंभर. साधं गणित आहे. उचला ते टेबल!"

नवरदेव धावत आला, काका आले, पाववालाही आला. मी कशीबशी बाहेर पडले आणि टेबल उचलून हॉलच्या मधोमध ठेवलं गेलं. माझी जागाच नाहीशी झाली. भिंतीशी नुसती फरशी उरली. विहीणबाईंनी एक बटाटा घेतला, सगळ्यांना दिसेल असा काट्याने फोडला, वर कांदा घातला, राजमा घातला, आणि वर्गाकडे बघावं तसं रांगेकडे बघितलं. "असं. समजलं? व्हा सुरू."

आणि लोक तुटून पडले! दोन्ही बाजूंनी हात, चमचे, हसणं, "ते मशरूम इकडे सरकव", "हिंमत आहे का?" पाववाला चौथा ट्रे आणायला पळत सुटला. काका दुसऱ्यांदा रांगेत आले. पाव तासात जिन्यावर कुणी उरलं नाही. दादा खांब सोडून चक्क खात होता.

"झालं ना तुझं म्हणणं खरं?" मी ठमीला म्हणाले. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचंही नव्हतं. "एकही माणूस उपाशी नाही."

"एक आहे," ठमी म्हणाली आणि दुसरी प्लेट माझ्यापुढे धरली.

ती प्लेट घ्यायला मला ओगराळं खाली ठेवावं लागलं.

मी रांगेत उभी राहिले. माझ्यामागे विहीणबाई होत्या. त्या कानाशी म्हणाल्या, "चीज शेवटी ठेवलंय ते मी पाहिलं हं. हुशारी आहे." लाल शाई नव्हती त्यात. बटाटा घेतला. लोणी, कांदा, मका, राजमा, थोडं धाडस करून मशरूमही. चीजपर्यंत पोचले तेव्हा प्लेटमध्ये तिळाएवढी जागा नव्हती. माझीच युक्ती.

मी चमचा बाजूला ठेवला आणि मूठभर चीज उचलून सगळ्याच्या वर टाकलं. फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. त्यात ठमी आहे, दादा आहे, वहिनी आहे, आणि मधोमध मी, अख्खी, तोंड उघडून हसणारी. हात दिसत नाही. तो चीजमध्ये आहे.