देवघराची तार

उस्मानाबादेत महांतप्पांच्या घरी वीज आली, पण बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात अंधारच राहिला. त्यांची सून शिवगंगा धुरात चाचपडायची. तिची बोटं रोज भाजायची. अखेर गौसमिस्त्रीला बोलावलं. बोर्ड बघून तो म्हणाला, “जागाच न्हाय. एका फ्यूजवर दोन तारा घातल्या तर घर पेटंल.”

“मग देवघराची तार काढून हिकडं लावा,” सासू इरम्मा म्हणाली.

“आन् देव अंधारात?” महांतप्पा चिडले.

इरम्मानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. “देव हितं हाय. त्याला मी अंधारातबी घावते.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लागला. हातातली भाकर तव्यावर टाकायची विसरून शिवगंगा वर बघत राहिली. स्वप्नात चढावा तसा धूर सावकाश चढत होता. तिला तो काळा वाटत आला होता. तो निळा होता.